फुलांचा हिशेब

(सांगली येथे भरलेल्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या महिला सत्रात एका भगिनीने केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावेत असे मंडळाचे पत्र आले, तेव्हा मी प्रथम नम्रपणे नकारच कळविला होता. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहण्याचा सराव मुळीच नाही. परंतु चिटणीसांनी पुन्हा निरोप धाडला की, 'मोठे विचार मांडू नका, तुम्ही रोज जे काम करता तेच सांगा.' एवढी मोकळीक मिळाल्यावर नकार देण्यास जागा उरली नाही. आपणांपैकी बहुतेकांच्या घरी आज ना उद्या फुलांचा व्यवसाय होता किंवा आहे. तेव्हा मी काही नवे सांगेन असे नाही. मात्र आपण रोज जे करतो त्यातले काय मोजतो आणि काय मोजत नाही, याकडे आपले लक्ष वेधावे, एवढाच माझा हेतू आहे.

माझे माहेर साताऱ्याचे. घरी फुलांच्या पुड्या घालण्याचा व्यवसाय. ज्यांना तो ठाऊक नसेल अशा तरुण मुलामुलींसाठी सांगते. पहाटे फुले आणायची, निवडायची, पानात किंवा कागदात थोडी थोडी बांधून पुडी करायची आणि लोकांच्या स्नानापूर्वी ती दाराच्या कडीला अडकवून यायची. महिन्याच्या अखेरीस पैसे. पुडीत झेंडूची चार-पाच फुले, एखादे तांबडे फूल, तुळशीची मंजिरी, दूर्वा. सोमवार असेल तर बेल, शनिवारी मारुतीसाठी रुईची पाने. कोणाच्या देवघरात गणपती आहे, कोणाच्या घरी दत्त आहे, कोणाला पिवळेच फूल लागते, हे आईला तोंडपाठ असे. ती लिहिणे शिकलेली नव्हती. पण साठ-सत्तर घरांची आवडनिवड तिच्या ध्यानात होती.

घरोघर पुड्या टाकण्याचे काम माझ्याकडे असे. राजवाड्यापासून मोती चौकापर्यंतची घरे आटोपून शाळा गाठायची, तर पहिली घंटा नेहमी चुके. उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभे राहणे मला इतके अंगवळणी पडले होते की, पुढे पुढे मी वर्गात जाण्याची घाईच सोडून दिली. नववीनंतर शाळा सुटली. कोणी सोडविली असे नाही, सुटली. घरी कोणाला त्यात काही विशेष वाटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही वाटले नाही.

पुष्कळ वर्षांनी महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र माझ्या वाचनात आले, तेव्हा मात्र मी थबकले. आपण त्यांच्या नावाचा जयजयकार करतो, तो यथार्थच आहे. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव आपल्याच सातारा जिल्ह्यातील, खटाव तालुक्यातील कटगुण. मूळ आडनाव गोऱ्हे. घराण्यातील मंडळी पुण्यास गेली, उत्तर पेशवाईत पेशव्यांच्या वाड्यावर फुले पुरविण्याचे काम त्यांना मिळाले आणि त्या कामावरून 'फुले' हे आडनाव रूढ झाले. म्हणजे ज्या नावाचा आपण एवढा अभिमान बाळगतो, ते नाव मुळात एका व्यवसायाचे नाव आहे. पहाटे उठून फुले निवडणाऱ्या, हार गुंफणाऱ्या हातांचे नाव आहे.

परंतु त्याच चरित्रात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण जयंतीच्या दिवशी सहसा सांगत नाही. लहानग्या जोतीरावांना थोडे लिहिणे-वाचणे आल्यावर शाळेतून काढून घरच्या कामास लावण्यात आले होते. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली ते मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. त्यानंतर सातच वर्षांनी, १८४८ मध्ये, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि खंडाळा तालुक्यातील नायगावची कन्या सावित्रीबाई त्या शाळेत शिकवू लागल्या. ते दोन शेजारी त्या दिवशी गप्प बसले असते तर? हा प्रश्न मनात आला आणि मला माझी चुकलेली घंटा आठवली. असो.

लग्नानंतर मी सांगलीस आले. सासरी फुलांचे लहानसे दुकान होते. घरात सासूबाई, मामंजी, यजमान आणि मी, असे चौघेही त्यातच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या आसपास चढले आणि बाजारपेठेतील असंख्य दुकानांबरोबर आमचेही दुकान पाण्याखाली गेले. श्रावणाचे दिवस होते. बेल-फुलांचा हंगाम ऐन भरात होता. त्यातून कसेबसे सावरतो न सावरतो तोच २०२० चा गुढीपाडवा आला. त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी नेमकी त्याच दिवशी सुरू झाली. पाडव्यासाठी आणलेला झेंडू आम्ही खड्ड्यात पुरला. पुढे मंदिरांची दारे बंद झाली, ती महाराष्ट्रात १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्यास उघडली. ज्यांचा व्यवसाय देवळाच्या पायरीवर अवलंबून, त्यांनी काय करावे?

निर्बंध काहीसे सैल झाल्यावर मी शहरातील एका मोठ्या किराणा भांडारात गेले. विचार साधा होता. देऊळ बंद असले तरी घराघरांतील देवघर चालू आहे. आणि किराणा घेण्यास तर प्रत्येक घरातून कोणी ना कोणी येतेच. मालकांना म्हटले, 'उदबत्ती आणि कापूर तुमच्याकडे आहे, नारळ आहे, फूल मात्र नाही. दोन हात जागा द्या.' त्यांनी दिली. पुढे भांडाराने फुलांचा स्वतंत्र विभाग केला आणि तो सांभाळण्यासाठी मला पगारावर ठेवले. तेव्हापासून मी तेच काम करीत आहे.

आता या कामाचे स्वरूप सांगते. किराण्याच्या दुकानात सर्व वस्तू मांडून ठेवायच्या असतात; फूल मात्र सांभाळायचे असते. साबण आज विकला नाही तर उद्याही तो साबणच असतो. मोगऱ्याचा गजरा उद्या गजरा राहत नाही. आरंभी व्यवस्थापकांना ही गोष्ट पटविणे फार कठीण गेले. पहिल्या वर्षी गणेशोत्सवात फुले भराभर खपली, तेव्हा त्यांनी पुढील पंधरवड्यासाठीही तेवढीच मागणी नोंदविली. मी म्हटले, 'साहेब, आता पितृपक्ष आहे. लग्नमुंजी नाहीत, मंगलकार्ये नाहीत, मागणी एकदम उतरेल.' त्यांनी संगणकातील आकडे दाखविले. फुले आली आणि निम्म्याहून अधिक फेकावी लागली. त्यानंतर मात्र त्यांनी माझ्या मेजावर एक पंचांग आणून ठेवले.

खरोखर, पंचांग हेच आमचे मागणीपत्र आहे. संकष्टीला दूर्वा आणि जास्वंद, एकादशीला तुळस, श्रावणी सोमवारी बेल, हरतालिकेला केवडा, दसऱ्याला झेंडू आणि आपट्याची पाने, लक्ष्मीपूजनाला पुन्हा झेंडू, मार्गशीर्षातील गुरुवारी शेवंती आणि वेणी. आपल्या घरातील वडील माणसांना हे ज्ञान सहज असते, म्हणून आपण त्याला ज्ञान समजत नाही. परंतु शिकलेल्या व्यवस्थापकास ते नव्हते आणि त्याच्या अभावी दुकानाचे रोख नुकसान झाले. ज्या गोष्टीच्या अभावाने पैसा जातो, तिच्या असण्याची किंमत असलीच पाहिजे, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले.

मलाही तेथे बरेच शिकावे लागले. एकदा विलायती गुलाबाच्या आणि कार्नेशनच्या जुड्या जागेअभावी केळ्यांच्या घडाशेजारी ठेवल्या. कार्नेशनच्या पाकळ्या झोपल्यासारख्या मिटल्या, गुलाबही लवकरच गळू लागला. मी पाण्याला दोष दिला, गाडीवाल्याला दोष दिला. पुढे कृषी शाखेच्या एका विद्यार्थ्याने खुलासा केला की, पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि तो वायू फुलांना अकाली म्हातारे करतो. तेव्हापासून माझी फुले दाराजवळ, पूजासाहित्याच्या बाजूस आणि फळांपासून दूर असतात. ज्यांची घरची दुकाने आहेत त्यांनी एवढे पथ्य अवश्य पाळावे.

आणखी काही अनुभवाच्या गोष्टी. दांड्याची फुले आली की, टोक धारदार सुरीने तिरपे कापून लगेच स्वच्छ पाण्यात ठेवावी. बोथट कात्रीने देठ चेचला जातो आणि पाणी वर चढत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, नाहीतर ती कुजून पाणी नासते. पाणी रोज बदलावे. गुलाबाला २ ते ४ अंश सेल्सिअसचा गारवा मानवतो. निशिगंधाची दांडी पाण्यात आठवडाभर फुलत राहते, पण तिचीच सुटी फुले दुसऱ्या दिवशी मलूल होतात. कोरडा झेंडू सावलीत, हवेशीर पसरून ठेवला तर दोन-तीन दिवस टिकतो. पावसात भिजलेला झेंडू मात्र ढिगात ठेवला की संध्याकाळपर्यंत आतून तापतो आणि कुजतो. म्हणून आधी सर्वांत नाजूक फूल विकावे. मोगरा सकाळी समोर, झेंडू मागे; दुपारनंतर सुट्या झेंडूची तोरणे करावी, कारण तोरणाला अधिक दाम येतो.

या काळात प्लास्टिकच्या फुलांचे संकट आपल्यावर आलेले आहे. भांडारातही माझ्या समोरच्याच फळीवर प्लास्टिकची तोरणे टांगलेली असतात. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधानसभेत त्यांच्यावरील बंदीचा प्रश्न चर्चेस आला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु केवळ शासनाकडे पाहून आपले भागणार नाही. प्लास्टिकचे फूल कोमेजत नाही, हाच त्याचा एक गुण ग्राहकाला दिसतो. तेव्हा आपले फूल त्याच्या हाती ताजे पडेल, ही जबाबदारी आपली. मी शिळे फूल ताज्यात मिसळून कधी विकत नाही. शिळे वेगळे ठेवते, निम्म्या दरात देते आणि तसे स्पष्ट सांगते. एकदा फसलेला ग्राहक दुसऱ्या दिवशी समोरच्या फळीकडे वळतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभी राहिले, तिच्याकडे येते. भांडारात मला रोजची नोंद ठेवावी लागते: किती आले, किती निवडून टाकले, किती विकले, किती उरले. पहिले काही महिने ते काम मला जाचक वाटले. मग एके रात्री तीच रीत मी घरच्या दुकानाच्या हिशेबाला लावून पाहिली, कारण यजमान आणि सासूबाई यांनी दुकान अजून चालू ठेवले होते. आपणही माझ्याबरोबर मोजून पाहावे.

समजा, पहाटे १० किलो झेंडू ६० रुपये किलोने घेतला. ६०० रुपये झाले. निवडताना १ किलो दबलेला, भिजलेला निघाला. राहिलेल्या ९ किलोंपैकी ७ किलो विकला आणि २ किलो संध्याकाळी उरला. आपण ८० रुपये किलोने विकतो आणि मनाशी म्हणतो, किलोमागे २० रुपये सुटले. वस्तुतः गल्ल्यात ७ किलोंचे ५६० रुपये आले. म्हणजे ४० रुपये पदरचे गेले. जे फूल विकले गेले, त्याची खरी खरेदी ६० रुपयांनी नव्हे, तर जवळजवळ ८६ रुपयांनी पडली. दर ठरविताना जे विकले जाणार नाही त्याचाही भार जे विकले जाणार आहे त्यावर टाकावा लागतो. ज्याला हे कळले नाही, तो वर्षभर राबतो आणि वर्षाअखेर विचारतो, पैसा गेला कोठे?

परंतु माझा प्रश्न याच्याही पुढचा आहे. या हिशेबात गाडीभाडे धरलेले नाही, दोरा धरलेला नाही. ते आपण धरू शकतो. फुले निवडणारे, हार ओवणारे, वेण्या गुंफणारे, पुड्या बांधणारे हात मात्र आपल्यापैकी किती जणांच्या वहीत आहेत? आमच्या वहीत नव्हते. सासूबाई पहाटे चारपासून आठपर्यंत आणि दुपारी पुन्हा दोन तास सुईदोरा घेऊन बसत. गेली चाळीस वर्षे बसत होत्या. बाहेरून हार ओवून घेतला असता तर नगामागे मजुरी मोजावी लागली असती; घरातली बाई ओवते म्हणून तो खर्च शून्य. तो शून्य लिहिल्यामुळेच आमचे दुकान फायद्यात दिसत होते.

मी यजमानांना वही दाखविली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आईला मजुरी द्यायची म्हणजे ते बरे दिसेल का?' मी म्हटले, 'बरे दिसणार नाही हे खरे. परंतु न देणे चाळीस वर्षे बरे दिसले, याचेच मला नवल वाटते.' पुढील महिन्यापासून सासूबाईंच्या नावाने पाकीट निघू लागले. पहिले पाकीट त्यांनी दोन दिवस देवापुढे तसेच ठेवले होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, 'सूनबाई, मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने.' तेव्हा कळले की, गेली कित्येक वर्षे त्या सुईत दोरा केवळ अंदाजाने ओवीत होत्या. बोटांना सुई टोचत असे, ते आम्ही पाहत होतो आणि वयाचा परिणाम म्हणून सोडून देत होतो. घरच्या पैशातून चष्म्याचा खर्च मागणे त्यांना कधी सुचले नाही, कारण त्या पैशात आपले काही आहे असे त्यांना कधी वाटलेच नव्हते.

भगिनींनो आणि बांधवांनो, हे मी कोणास दोष देण्यासाठी सांगत नाही. आमच्या घरी कोणी दुष्ट नव्हते. मामंजींनी सासूबाईंना कधी उणा शब्द बोलल्याचे मला आठवत नाही. परंतु प्रेम निराळे आणि हिशेब निराळा. आपली ज्ञाती मुळापासून हिशेबी आहे. फूलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी ही आपली नावेच पिकांवरून पडलेली. आपण वाफा मोजतो, पाण्याची पाळी मोजतो. सांगलीच्या बाजारात हळदीचे पोते तोलताना पाव किलोसाठी वाद घालतो. मग घरातील बाईचे चार तास तेवढे न मोजता का सोडावेत?

जे लेकरू सकाळी पुड्या टाकून शाळेस जाते, त्याचेही तेच. त्याचा चुकलेला तास हाही धंद्याचा खर्चच आहे. फक्त तो वहीत दिसत नाही, वीस वर्षांनी दिसतो. माझी मुलगी फुलांच्या कामात मदत करते. मी तिला ते काम आवर्जून शिकविले, कारण त्यात कमीपणा आहे असे मला मुळीच वाटत नाही. मात्र शाळेच्या वेळेआधी एक तास तिने सुई खाली ठेवायची, हा घरचा नियम आहे. आणि तो नियम मोडण्याची मुभा दसऱ्यालाही नाही.

मंडळापुढे मी तीन नम्र सूचना ठेवते. पहिली, मंडळाने पुढील वर्षी फुलांच्या व्यवसायातील कुटुंबांसाठी एक साधी हिशेबवही छापावी. तिच्यात आवक, नासाडी, विक्री आणि शिल्लक यांच्या शेजारी 'घरची मजुरी' असा एक रकाना ठेवावा. दुसरी, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण दरवर्षी करतो तो करावाच; पण ज्यांची शाळा घरच्या कामापायी सुटत आहे, अशा मुलामुलींची प्रत्येक तालुक्यातून चौकशी करावी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांची समजूत घालण्यास दोन शेजारी पाठवावेत. गोविंदरावांकडे दोनच शेजारी गेले होते. तिसरी, आपल्या ज्या भगिनींना पंचांग पाठ आहे, फुलांची पारख आहे आणि हारात हात बसलेला आहे, त्यांनी आपल्या गावातील किराणा दुकानदाराकडे जाऊन दोन हात जागा मागावी. तो नाही म्हणेल, पुन्हा मागावी.

माझे बोलणे थोडे लांबले, त्याबद्दल क्षमा असावी. आज सभागृहाच्या दाराशी जे तोरण लागले आहे, ते काल रात्री महिला शाखेच्या सात भगिनींनी बसून केले. त्यासाठी किती तास लागले ते मी मोजून ठेवले आहेत. चिटणीसांनी इतिवृत्तात ते नमूद करावेत, एवढी शेवटची विनंती करते आणि आपली रजा घेते.